शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठल्या भांड्यातलं?

सेवा: टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे पीजीटी-ए. वापरणारी माझी धाकटी बहीण, वय 38. लिहिणारी मी. माझी बावीस वर्षं आधी ही तपासणी करण्यात आणि मग तिचे किट बनवण्यात गेली. लॅबचं नाव लिहीत नाही. तक्रार आहे ती बऱ्याच लॅबना लागू पडेल, आणि कौतुक आहे ते एका बाईंचं, ज्यांना मी विचारलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे.

रिपोर्ट आला तेव्हा बहिणीचा फोन आला. ''ताई, सातातली तीनच चांगली निघालीत. एक मोझॅक आहे म्हणतात. मोझॅक म्हणजे ते फरशीचं असतं तसलं का गं?'' मी हसले, आणि लगेच वाईट वाटलं. मोझॅक म्हणजे काही पेशी निरोगी, काही सदोष असं भ्रूण. हा शब्द किती स्त्रियांच्या रिपोर्टात मी स्वतः टाकला असेल, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही फोनच्या दुसऱ्या टोकाला मी कधी नव्हते.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं किती तोलून घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. एमएस्सीला असताना एका सरांनी 1968 सालचा एक शोधनिबंध वाचायला दिला होता. रॉबर्ट एडवर्ड्स आणि रिचर्ड गार्डनर यांनी सशाच्या ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे काही दिवसांच्या भ्रूणाच्या, बाहेरच्या थरातला एक तुकडा काढला, त्यावरून नर-मादी ओळखलं आणि ती भ्रूणं परत सशिणींत सोडली. जन्मल्यावर अंदाज बरोबर ठरले. टेस्ट ट्यूब बेबीवाले एडवर्ड्स ते हेच. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन 1978 ला जन्मली आणि त्यांना नोबेल मिळालं 2010 ला. पण मुळात हा माणूस उंदरांच्या भ्रूणांची गुणसूत्रं मोजत एडिनबराला पीएचडी झालेला जेनेटिसिस्ट. वंध्यत्वावरचे उपचार त्यांच्या वाटेत नंतर आले. मला तेव्हा वाटलं, आपलीही वाट अशीच असावी. गुणसूत्रांपासून निघावं आणि कुणाच्या तरी घरी पोचावं.

सशानंतर माणसापर्यंत यायला बावीस वर्षं लागली. 1990 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात अॅलन हँडिसाइड आणि रॉबर्ट विन्स्टन यांच्या गटाने तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणातली एक पेशी काढून पीसीआर केला, म्हणजे तिच्या डीएनएच्या तुकड्याच्या नकला वाढवल्या. आईकडून मुलग्यांना येणारे जीवघेणे आजार टाळायचे होते, म्हणून वाय गुणसूत्राची पट्टी शोधायची. पट्टी दिसली तर मुलगा. दिसली नाही तर मुलगी, किंवा पीसीआर चाललाच नाही. ही 'किंवा' मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले आणि अजून तिच्यावरच उभी आहे.

मी 1999 ला लॅबमध्ये लागले तेव्हा 'फिश'चे दिवस होते. तिसऱ्या दिवशी भ्रूण आठेक पेशींचं असतं. त्यातली एक पेशी आमच्याकडे यायची. ती स्लाइडवर फोडून केंद्रक चिकटवायचं, मिथेनॉल आणि अॅसेटिक अॅसिडच्या वासात, आणि ते पुन्हा सापडावं म्हणून स्लाइडच्या खालच्या बाजूला हिरकणी पेन्सिलने गोल ओरखडा काढायचा. मग रंगीत प्रोब टाकायचे आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून ठिपके मोजायचे. 13व्या गुणसूत्राचे लाल, 21व्याचे हिरवे. दोन-दोन ठिपके असले की पेशी ठीक. 21चे तीन दिसले की भ्रूण बाद. हिरवा एकच दिसला तर? खरंच एकच असेल, किंवा दोन ठिपके एकावर एक बसले असतील. मी पाच-पाच मिनिटं फोकस वरखाली करत बसायची. संध्याकाळी ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, असायचा आणि क्लिनिकचा माणूस फोन धरून थांबलेला असायचा. शेवटी काहीतरी लिहावंच लागायचं. मी लिहिलं.

2007 मध्ये नेदरलँड्समधली चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. 35 ते 41 वयाच्या 408 स्त्रिया. निम्म्यांच्या भ्रूणांची आमच्यासारखीच तपासणी केली, निम्म्यांची नाही. तपासणी केलेल्यांत गर्भ पुढे टिकला 25 टक्क्यांचा, न केलेल्यांत 37 टक्क्यांचा. म्हणजे आमचा काही उपयोग नव्हता, एवढ्यावर हे थांबत नव्हतं. आमच्यामुळे नुकसान होत होतं. का, ते मागाहून सगळ्यांना कळतंच: आठातली एक पेशी काढणं भ्रूणाला जड जातं, त्या वयाच्या भ्रूणात शेजारच्या दोन पेशीही एकसारख्या नसतात, आणि तेवीस जोड्यांपैकी मूठभर गुणसूत्रंच आम्ही बघत होतो. त्या दिवशी लॅबमध्ये कोणी काही बोललं नाही. एका सहकाऱ्याने चाचणीतल्या चुका शोधायला घेतल्या आणि त्याला काही सापडल्याही. मी घरी जाऊन जुन्या वह्या काढल्या. 'बाद' या शब्दाखाली माझी सही किती वेळा होती ते मोजायला लागले आणि तिसऱ्या वहीशी थांबले.

दोन वर्षांनी मी बायोटेक कंपनीत गेले. पगारासाठी गेले असं लोक म्हणाले, आणि तेही खोटं नाही. पण मला ठिपके मोजायचे नव्हते, ठिपके मोजायची गरजच नको होती. नवीन पद्धत अशी: पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण शे-दीडशे पेशींचं ब्लास्टोसिस्ट झालं की बाहेरच्या थरातल्या पाचेक पेशी लेझरने सोडवून घ्यायच्या. म्हणजे फिरून सशापाशीच. एका पेशीत डीएनए असतो साधारण 6 पिकोग्रॅम. ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले सहा. तो आधी वाढवून घ्यायचा, मग सिक्वेन्सरवर, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या यंत्रावर, घालून प्रत्येक गुणसूत्राच्या वाट्याला किती तुकडे आले ते मोजायचं. आमचं काम ते वाढवण्याचं किट बनवणं. कातडीचा एक कोंडा ट्यूबमध्ये पडला तर रिपोर्ट भ्रूणाऐवजी तंत्रज्ञाचा येतो, त्यामुळे आम्ही एकमेकींकडे संशयाने बघायचो.

रिपोर्टात मोझॅकला असतो तो पिवळा रंगही तिथलाच. निरोगी पेशी आणि एक गुणसूत्र जास्त असलेल्या पेशी ठरावीक प्रमाणात मिसळून आम्ही यंत्राला तपासत असू: एकास चार, दोनास तीन. त्यावरून रेषा आखायच्या. 2016 मध्ये पीजीडीआयएस या भ्रूण-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुचवलं की सदोष पेशींचं प्रमाण 20 टक्क्यांखाली असेल तर सामान्य म्हणा, 80च्या वर तर सदोष, मधलं सगळं मोझॅक. ही वीस-ऐंशीची रेघ निसर्गाने आखलेली नाही, चांगल्या माणसांनी चर्चा करून आखलेली आहे. मधल्याला रिपोर्टात रंग कुठला द्यायचा यावर आमच्याकडे दीड तास बैठक झाली. मार्केटिंगला लाल हवा होता, 'म्हणजे डॉक्टरांना निर्णय सोपा जातो'. मी पिवळ्यासाठी भांडले. जिंकले. बहिणीच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं नव्हतं, पण रंग तोच होता, आणि ती त्यालाच घाबरली होती.

आता सेवा.

नमुना घेण्याचं काम उत्तम. भ्रूणं क्लिनिकमध्येच उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये राहिली, प्रवास फक्त पेशींनी केला. पेशी ट्यूबमध्ये घालताना शेजारी दुसरी व्यक्ती उभी राहून नाव, नंबर मोठ्याने वाचत होती आणि दोघींच्या सह्या होत्या. हे ऐकायला फालतू वाटेल. या धंद्यात मला सगळ्यात भीती वाटते ती अदलाबदलीची, म्हणून याला पूर्ण गुण. रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला. सातपैकी तीन सामान्य, दोन सदोष, एक मोझॅक, एक 'निष्कर्ष नाही'.

दोन सदोषांपैकी एकात 16वं गुणसूत्र तीनदा होतं. गर्भपात झालेल्या गर्भांत सर्वांत जास्त सापडणारी ट्रायसोमी हीच. बहिणीचे आधी दोन गर्भपात झालेले आहेत. ते भ्रूण दिसायला सातांत सगळ्यात देखणं होतं, एम्ब्रिऑलॉजिस्टच्या नुसत्या नजरेवर सोडलं असतं तर तेच पहिलं गेलं असतं. तपासणीने आपलं मोल इथे वसूल केलं.

'निष्कर्ष नाही' हा लॅबचा दोष म्हणून मी धरत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाच पेशी पिपेटच्या टोकावरून ट्यूबच्या तळाशी उतरवायच्या असतात. कधी त्या पिपेटलाच चिकटून राहतात आणि ट्यूब रिकामीच बंद होते. राग आला तो पुढच्या फोनचा. ''मॅडम, परत बायोप्सी करून घ्या, साधी गोष्ट आहे.'' साधी कशी? भ्रूण वितळवायचं, पुन्हा पेशी काढायच्या, पुन्हा गोठवायचं. प्रत्येक पायरीला त्याला काहीतरी सोसावं लागतं. फोनवरच्या मुलीला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. अर्धा तारा इथे गेला.

दुसरा अर्धा माहितीपत्रकावर. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात 'निरोगी भ्रूण निवडा'. आणि रिपोर्टच्या चौथ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, ही तपासणी फक्त गुणसूत्रांच्या संख्येबद्दल आहे आणि घेतलेल्या पेशी उरलेल्या भ्रूणाशी जुळतीलच असं नाही, हे वाक्य. चौथ्या पानावरचं वाक्य खरं आहे. ते लिहिणाऱ्याला मी ओळखत नसले तरी तो आमच्यातला आहे. मुखपृष्ठ लिहिणारा आमच्यातला नाही.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, कारण शीत आणि भात एकाच भांड्यातले असतात. इथे शीत काढतात ते बाहेरच्या थरातून, आणि त्या थराची पुढे वार होते. बाळ होतं ते आतल्या पेशींच्या गोळीपासून, तिला कोणी हात लावत नाही, लावूही नये. दोन्ही भांडी एकाच तांदळाची, म्हणून बहुतेक वेळा जुळतं. अंड्यातच गुणसूत्रांचा हिशोब चुकला असेल, आणि वय वाढलं की तसंच जास्त होतं, तर चूक दोन्हीकडे सारखी असते. पण चूक नंतर, पेशी दुभंगताना झाली असेल तर ती एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते.

बहिणीच्या मोझॅकपुढे 8व्या गुणसूत्राच्या 2.4 नकला लिहिल्या होत्या. तिने विचारलं, दशांश चार नक्कल कशी असते? नसतेच. पाच पेशींपैकी दोघींत तीन आणि तिघींत दोन असतील तर सरासरी 2.4 येते. किंवा डीएनए वाढवताना थोडी गडबड झाली तरी येते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पुन्हा ती 'किंवा'. इटलीतल्या एका गटाने 2015 मध्ये अशी मोझॅक भ्रूणं 18 स्त्रियांमध्ये सोडली आणि सहा जणींना बाळं झाली, सगळ्यांची गुणसूत्रं सामान्य. 'बाद' म्हणून टाकली असती अशीच ती भ्रूणं. ते वाचलं तेव्हा मला माझ्या तीन वह्या आठवल्या, आणि न उघडलेल्या उरलेल्याही.

मग ही तपासणी करावी का? लोक मला एवढंच विचारतात आणि एका शब्दात उत्तर मागतात. सांतियागो मुने हे नाव या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. संशोधक, पुढे रिप्रोजेनेटिक्स कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. 2019 च्या ज्या चाचणीत पहिलं नाव त्यांचं आहे, तिच्यात 661 स्त्रिया होत्या आणि गर्भ टिकण्याचं प्रमाण तपासणीने 50 टक्के, नुसत्या दिसण्यावरून निवडून 46 टक्के. म्हणण्यासारखा फरक नाही. 35 ते 40 वयात ट्रान्सफरमागे 51 विरुद्ध 37 दिसलं, पण तो गट मागाहून वेगळा काढून पाहिलेला. स्वतःच्याच मालाबद्दल असा निकाल छापणं सोपं नसतं, त्यासाठी मी त्यांना मानते. मग 2021 मध्ये चीनमधली चाचणी आली: 37 पर्यंतच्या 1212 स्त्रिया, प्रत्येकीची किमान तीन चांगली ब्लास्टोसिस्ट. तीन ट्रान्सफरपर्यंत धरून मूल झालं तपासणीवाल्यांत 77.2 टक्क्यांना, इतरांत 81.8 टक्क्यांना. गर्भपात मात्र 8.7 विरुद्ध 12.6.

यात कोडं काही नाही. चाळणीने धान्य वाढत नाही. सात भ्रूणांत जी चांगली आहेत तेवढीच आहेत. तपासणी त्यांना रांगेत पुढे आणते, आणि चुकली तर एखादं चांगलं बाहेरही फेकते. ब्रिटनची एचएफईए ही नियामक संस्था मूळ उपचाराला जोडून दिल्या जाणाऱ्या जादा सेवांना रंग देते. या तपासणीला त्यांनी दोन दिलेत: बहुतेकींच्या बाबतीत मूल होण्याची शक्यता वाढवण्यासाठी लाल, गर्भपात कमी करण्यासाठी हिरवा. मला हा न्याय पटतो. पंचविशीतल्या, पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या मुलीला मी नको म्हणेन. दोन गर्भपात सोसलेल्या माझ्या 38 वर्षांच्या बहिणीला मीच कर म्हणाले.

माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर एक जादा सेवा होती: भ्रूणाचा पुढे मधुमेह, हृदयविकार वगैरेंचा धोका किती, याचे गुण काढून देतो म्हणून. अनेक जनुकांची बेरीज करून. युरोपच्या मानवी जनुकशास्त्र संस्थेने 2022 मध्ये याला सिद्ध न झालेलं आणि अनैतिक म्हटलेलं आहे. मी तिला ते पान फाडायला सांगितलं. आणखी अर्धा तारा.

आता कौतुकाचं. तपासणीआधीचं समुपदेशन बारा मिनिटांत उरकलं होतं, फॉर्मवर सही कुठे करायची हाच मुख्य विषय. त्याचा तारा मी वेगळा कापलेला नाही, नाहीतर गणित तुम्हाला जुळणार नाही. पण रिपोर्टनंतर ज्या बाई भेटल्या त्यांनी पाऊण तास दिला. मी बहिणीबरोबर गेले होते. पहिल्या पाच मिनिटांत मी तीनदा मध्ये बोलले. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे बहिणीला विचारलं, ''तुमच्या ताईंना जरा वेळ बाहेर बसायला सांगू का?'' बहीण ''हो'' म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली!

मी बाहेर बसले. काचेतून दिसत होतं. बाईंनी आधी बहिणीलाच बोलायला लावलं, रिपोर्टातलं तुम्हाला काय कळलं ते सांगा म्हणून. मग कागदावर दोन गोल काढले, आत एक गोळी. बहीण बोटाने काहीतरी दाखवत होती. बावीस वर्षांत मी हे किट कितीतरी लॅबना शिकवलं, पण माझा श्रोता नेहमी मायक्रोस्कोपच्या माझ्याच बाजूला बसलेला असायचा. बहीण बाहेर आली तेव्हा तिने मला समजावलं, वार कुठली आणि बाळ कुठलं. बरोबर समजावलं. क्रम ठरला होता: आधी तीन सामान्य, मग मोझॅक, 'निष्कर्ष नाही'वालं तसंच गोठलेलं राहू दे, बायोप्सी नको. मी ठरवला असता तर हाच ठरवला असता, पण मग तो माझा झाला असता.

पहिलं सामान्य भ्रूण रुजलं नाही. हिरव्या रंगालाही हे होतं, आणि त्या आठवड्यात तिला एकही आकडा सांगायचा नाही एवढं मी तोपर्यंत शिकले होते. दुसरं रुजलं.

अकराव्या आठवड्यात डॉक्टरांनी रक्ताची एनआयपीटी सुचवली. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगतो हे डेनिस लो यांनी 1997 मध्ये दाखवलं, त्यावर उभी असलेली तपासणी. सुई टोचून झाली, बहिणीने दंडावर कापूस दाबून धरला होता.

''ताई, हे तरी बाळाचं बघतात ना?''

''नाही गं. हा डीएनएसुद्धा वारेतूनच येतो.''

ती थोडा वेळ गप्प राहिली. ''म्हणजे परत तेच भांडं.''

''परत तेच.''

''मग बाळाकडे कोणी कधी बघणार आहे की नाही?''

''विसाव्या आठवड्यात. सोनोग्राफीला.''

''तेव्हा तू बाहेर बस,'' ती म्हणाली.